एक्केचाळीस निमंत्रक

मालूअक्का चपला न काढता घरात शिरली, तेव्हाच उमेशनं ओळखलं की आज आपली धडगत नाही. माहेरच्या उंबऱ्याला हात लावायचा, चपला बाहेर काढायच्या आणि मगच आत यायचं, हा अक्काचा नेम सत्तरी ओलांडली तरी चुकला नव्हता. आज मात्र दापोऱ्याच्या बसमधून उतरली ती थेट बैठकीत. एका हातात भाच्याची लग्नपत्रिका, दुसऱ्या हातात रबर लावलेला कसला तरी गठ्ठा.

"उमेश, वाच."

"काय वाचू अक्का? मीच तर छापून आणली."

"म्हनूनच म्हनते. तूच वाच. सगळ्यात खाली काय हाय ते."

उमेशचे थोरले भाऊ दिगंबर आरामखुर्चीतून उठून बसले. त्यांची बायको शोभा जमिनीवर परात घेऊन अक्षतांच्या तांदळाला हळद-कुंकू चोळत होती, तिचे हात थांबले. त्यांचा मुलगा, नवरदेव निलेश, मोबाईल बाजूला ठेवून काकाकडे बघू लागला. लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि अशा वेळी घरातली थोरली बहीण चपला घालून आत आली की सगळे आपापल्या चुका आठवायला लागतात.

उमेशनं चष्मा चढवला. "किलबिल. आमच्या निलेशदादाच्या लग्नाला यायचं हं! नेहा, अरमान, सुनीता, शबनम, राजू, पिंकी, मुकेश..."

"पुढं?"

"पुढं लई नावं आहेत अक्का. पूर्ण एक्केचाळीस. मी मोजून घेतली. प्रेसवाला म्हणत होता एवढी मावत नाहीत, मी म्हटलं भाऊ, कार्डाला अजून एक घडी पाड, पण आमच्या घरचं एक लेकरू सुटायला नको."

"एक सुटायला नको," अक्का म्हणाली. "मंग माझा पार्थ कुठी हाय? स्वरा कुठी हाय? ओवी, आरव? चारही सुटले! आन आपल्या घरात एक्केचाळीस लेकरं झाली कधी रे? हा अरमान कोनाचा?"

उमेशनं नावांवरून पुन्हा बोट फिरवलं. पार्थ नव्हता. आरव नव्हता. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

हा घाम सव्वीस वर्षं जुना होता. उमेशच्याच लग्नाच्या पत्रिकेत अक्काचं नाव राहून गेलं होतं. सख्ख्या थोरल्या बहिणीचं. अक्का लग्नाला आली, मांडवात कोपरा धरून बसली, जेवली नाही, आणि पुढच्या दोन दिवाळ्या भावांच्या दारात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून महाजनांच्या घरात पत्रिका छापणं म्हणजे उमेशसाठी परीक्षेला बसणं. या खेपेला तो निलेशच्या टेबलावरून नावांचा कागद उचलायला गेला, तर तिथं स्वच्छ अक्षरात यादी ठेवलेली. वर मथळा: मुलांची नावे. यादी जितकी लांब तितकं नाव सुटायचं भय कमी, असा हिशेब करून तो खुशीत प्रेसला गेला. अक्काच्या नातवंडांची यादी निलेशच्या मोबाईलमध्ये होती आणि ती तिथंच राहिली.

"पण एवढ्या लोकांनी पत्रिका पाहिली," दिगंबर म्हणाले, "कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही?"

याचं उत्तर सोपं होतं. पत्रिका हातात आली की माणूस आधी आपलं नाव शोधतो, आणि ते सापडलं की त्याची पत्रिका वाचून झालेली असते.

"ती यादी माझी आहे," दारातून आवाज आला.

निलेशची थोरली बहीण गायत्री नुकतीच शाळेतून शिकवून आली होती. खांद्यावरची पिशवी तशीच होती.

"ओट्यावरच्या मुलांची यादी आहे आत्या. चित्रांच्या पाठीमागं नावं घालायची होती म्हणून काढली होती. निलेशच्या टेबलावर मीच विसरले."

"विसरली तर विसरली," दिगंबर म्हणाले. "आत्ता कळलं ना? आता—"

"आत्ता नाही बाबा. चार दिवस झाले, मला ठाऊक आहे."

शोभानं परात बाजूला सरकवली.

*

ओटा म्हणजे काय, हे शोभाला ठाऊक होतं, कारण त्याची सुरुवात तिच्याच घराच्या ओट्यावर झाली होती. सहा वर्षांपूर्वी गल्लीतल्या यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी चार पोरं दुपारी सावलीला येऊन बसायची. गायत्रीनं त्यांच्यापुढं पाटी ठेवली. चाराची एक्केचाळीस झाली. मागवाल्यांची, वीटभट्टीवरची, केळीच्या गाड्या भरणाऱ्यांची, शाळा सुटलेली, शाळेत कधी गेलीच नाहीत अशी, आणि सोळा-सतरा वर्षांची थोराड पोरंही, ज्यांना मोबाईलवर सगळं येतं पण अर्ज भरता येत नाही. मग मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. नाव मात्र ओटाच राहिलं.

गावाला पत्ता नव्हता. दसऱ्यानंतर तापीकाठी बालाजीचा मेळा भरला, तेव्हा गायत्रीनं हजार पत्रकं वाटली: संध्याकाळचे दोन तास द्या, आमच्या मुलांना शिकवा. लोकांनी पत्रकावर मावा-जिलेबी ठेवून खाल्ली आणि बोटंही त्यालाच पुसली. फोन एक आला, तोही पत्रकं किती पैशांत छापली ते विचारायला. शिकवणाऱ्या दोन मुली होत्या. एकीचं लग्न होऊन ती खंडव्याला गेली, दुसरीला इंदूरला नोकरी लागली. संक्रांतीपर्यंत कुणी मिळालं नाही तर ओटा बंद करायचा, असं गायत्रीनं ठरवलं होतं आणि ते फक्त आईला सांगितलं होतं. सांगताना लेक रडली नव्हती. शोभाला त्याचंच जास्त वाईट वाटलं होतं.

"चार दिवस तोंड शिवून बसलीस?" दिगंबर आता उभेच राहिले. "आणि यावर काही बंदोबस्त करायचा सोडून..."

"कसा करू बाबा? एक पत्रिका मी ओट्यावर नेली होती. सहज, वाचायला द्यायला. नेहा वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, दीदी, इसमें मेरा नाम छपा है. मला वाटलं, दुसरी कुणी नेहा असेल. मग अरमान निघाला. मग सगळे रांग लावून उभे राहिले. ज्यांना वाचता येत नाही तेसुद्धा बोट ठेवून विचारत होते, यह मैं हूँ ना?" गायत्रीनं पिशवी खाली ठेवली. "त्यांचं नाव आजवर कुठंही छापून आलेलं नाही बाबा. ती पत्रिका रोज एकेकाच्या घरी मुक्कामाला जाते. मी काय सांगू त्यांना? चुकून छापलंय म्हणून?"

"कसम से दीदी," निलेश म्हणाला, "मेरी तरफ से तो रहने दो. माझं लग्न आहे, मला चालतंय."

"तुझं लग्न हाय, पत्रिका घराची हाय," अक्का म्हणाली. तिनं गठ्ठ्याचं रबर काढलं. पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या. प्रत्येकीवर ठळक चार नावं: पार्थ, स्वरा, ओवी, आरव. "हे मी करूनच आनले. त्या नावाइवर हे चिकटवायचं. घरातल्या पत्रिकेवरबी आन वाटलेल्यावरबी."

"वाटलेल्या? घरोघर जाऊन?" उमेश म्हणाला.

"तू घरोघर जाऊन वाटल्या, मंग घरोघर जाऊन चिकटवायला तुझे पाय काय दुखते?"

"अक्काचं बराबर आहे," उमेश लगेच म्हणाला.

शोभा अशा वेळी सहसा बोलत नसे. नणंदेपुढं तर नाहीच. "अक्का, पहिली पत्रिका बालाजीपुढं ठेवून आलोय आम्ही दोघं. देवापुढं ठेवलेल्या पत्रिकेत फेरफार करत नाहीत."

"वहिनीचंही बराबर आहे," उमेश म्हणाला.

"देवाले ठाऊक हाय नातवंडं कोनाची ते," अक्का म्हणाली. "लोकाईले नाही."

दिगंबर पेपर मिलमध्ये तीस वर्षं पाळीचे साहेब होते, भांडण मिटवायची त्यांना सवय होती. पण एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला बायको-लेक, अशी पाळी त्यांनी कधी सांभाळली नव्हती. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गायत्रीच पुढं झाली. आत्याच्या हातातल्या पट्ट्या तिनं नीट जुळवून घेतल्या.

"चिकटवू या आत्या. पार्थ-स्वराचं नाव राहिलं ही चूकच आहे. फक्त मुलांकडची ती एक पत्रिका तशीच राहू द्या. तेवढी एक."

अक्कानं तिच्याकडं बघितलं. भांडायला कंबर कसून यावं आणि समोरचा बाजूला सरकावा, तशी तिची गत झाली. "एक राहिली तर राहू दे," ती पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, "पन तू चल संगं. तुझी भानगड हाय, तूच सांग लोकाईले."

*

उमेशच्या व्हॅनचं मधलं दार दोरीनं बांधलेलं होतं. अक्का पुढं बसली, पट्ट्या मांडीवर. गायत्री मागं.

पहिलं घर वंदनाबाईंचं. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गल्लीला त्यांनी भूमिती शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या बातम्या त्यांच्याकडं असत. अक्का पायरी चढते न चढते तोच त्या म्हणाल्या, "मालूबाई, बरं झालं आलात. मी फोनच करणार होते. इतक्या पत्रिका पाहिल्या, पण एक्केचाळीस मुलांची किलबिल पहिल्यांदा बघितली. कोण हो ही?"

गायत्रीनं बोलायला तोंड उघडलं. पण अक्काची नजर वंदनाबाईंच्या चेहऱ्यावर होती. त्या चेहऱ्यावरचं कुतूहल पाहून अक्काला कळून चुकलं की 'चूक' हा शब्द आपण इथं उच्चारला, तर संध्याकाळच्या आत तो गावभर फिरेल. महाजनांनी पत्रिकेत चूक केली. पुन्हा.

"आमच्या गायत्रीची लेकरं हाय ती," अक्का म्हणाली.

वंदनाबाईंचा चहाचा कप हवेतच थांबला. "गायत्रीची? पण गायत्रीचं तर लग्न..."

"तसं नाही व माय!" अक्का जोरात म्हणाली आणि उमेशला ठसका लागला. "शिकवते ती त्याईले. संध्याकाळी. कांड्या भरतात, विटा उचलतात, अशी लेकरं हाय. काय शिकवते ग? सांग ना!"

गायत्रीनं सांगितलं. वाचन, हिशेब, मोठ्या मुलांना अर्ज भरणं, खुल्या शाळेची दहावी. वंदनाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"मागच्या गल्लीत? माझ्या घरापासून पन्नास पावलांवर? आणि सहा वर्षांत मला माहीत नाही?"

"मेळ्यात पत्रकं वाटली होती बाई," गायत्री म्हणाली.

"पत्रकं कोण वाचतं ग? पत्रिका वाचतात." वंदनाबाई थोड्या खजील झाल्या होत्या. "मी सोमवारी येते. दुपारभर टीव्ही बघून डोळे गेले माझे. दहावीचं गणित कोण घेतं?"

"कुणीच नाही," गायत्री म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

निघताना अक्कानं पत्रिका मागून घेतली, पट्टी सोलली, आणि नावांवर धरून क्षणभर थांबली. एक्केचाळीस लेकरं अभिमानानं सांगून झाल्यावर ती त्याच बाईच्या डोळ्यांदेखत झाकायची कशी? तिनं पट्टी खाली, पत्रिकेच्या मोकळ्या काठावर चिकटवली.

दुसऱ्या घरी केळीचे व्यापारी भगवानशेठ होते. त्यांच्या सुनेनं हेच विचारलं. तिसऱ्या घरीही. चौथं घर म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाल्या समाधानचं दुकान. तो म्हणाला, "आत्याजी, बड़े लड़कों को मैं रिपेअरिंग शिकवू शकतो ना? रविवारी दुकान बंदच असतं." पाचव्या घरापासून अक्कानं गायत्रीला बोलूच दिलं नाही.

"एक पोरगी हाय नेहा म्हनून. दिवसभर मायबरोबर कांड्या भरते आन संध्याकाळी पेपर वाचून दाखवते, टाकोटाक!"

"आत्या, पेपर नाही अजून," गायत्री कानात म्हणाली. "पत्रिका."

"वाचंल ना मंग पेपरबी! तू गप बस."

सातव्या घरापासून 'गायत्रीची लेकरं' जाऊन 'आमचा ओटा' झाला. नवव्या घरी अक्कानं यजमानालाच सुनावलं, "तुमी काय करता संध्याकाळी? ओट्यावर जा." उमेश म्हणाला, "अक्काचं एकदम बराबर आहे," आणि या वेळी त्यानं ते मनापासून म्हटलं. गायत्रीनं हातावरच सहा नावं लिहून घेतली होती, कारण वहीची गरज पडेल असं घरातून निघताना कुणाला वाटलं होतं? तिला हसू येत होतं, आणि हसताना डोळेही भरत होते. संक्रांतीला बंद करायचा ओटा आता बंद होणार नव्हता. मागच्या सीटवर तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

"रडून नको राहू," अक्का आरशात बघून म्हणाली. "लग्नघर हाय. आता त्या नेहाच्या घरी चल. इतक्या घरी तिचं नाव सांगितलं, पोरगी पाहिलीच नाही मी."

*

मागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. नेहाची आई इंदुबाई दारातच चरख्यावर कांड्या भरत बसली होती. पाहुणे बघून तिनं चरखा थांबवला आणि पदर सावरला. घर एका खोलीचं. भिंतीतल्या देवळीत देवाची तसबीर, आणि तसबिरीला टेकवून ठेवलेली महाजनांची पत्रिका. तिच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं होतं, घरच्या पत्रिकेला लावतात तसं.

"आज आमच्या घरी मुक्काम हाय तिचा," इंदुबाई म्हणाली. "उद्या अरमानकडं जाईल. दीदी, आमच्या पोरीनं तर सगळ्या गल्लीला बोलावून ठेवलं. मी म्हनलं, अवं, विचार तर आधी."

तिच्या मागून एक दहा वर्षांची मुलगी पुढं आली. केसांत सुताचे पांढरे तंतू अडकले होते. तिनं गायत्रीकडं पाहिलं, मग अक्काकडं. चार दिवसांपासून तयारी केल्यासारखा तिनं प्रश्न विचारला.

"आजी, सच में आना है ना? या सिर्फ लिखा है?"

उमेश काहीतरी बोलणार होता, त्याला अक्कानं हातानंच थांबवलं.

अक्काला सव्वीस वर्षांपूर्वीचा मांडव आठवला. पत्रिका वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली होती तिनं, आपलं नाव कुठंतरी असेलच म्हणून. मग पाठीमागंसुद्धा उलटून पाहिली होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, भावांनाही नाही. नाव नसलं की कसं वाटतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि असलेलं नाव झाकायला ती आज चिकटपट्ट्या घेऊन निघाली होती.

ती खाली बसली. गुडघे कुरकुरले, तरी बसली.

"नेहा, तू निमंत्रक हायस ना?"

"वो क्या होता है?"

"जो लोकाईले बोलावतो तो. तू बोलावलं का नाही गल्लीले?"

"हाव. सबको."

"मंग ज्यानं बोलावलं तो 'येऊ का' विचारतो काय कोनाले? लोकं येतील आन बोलावनारी दारात नसंल, तर कसं दिसंल ते? सकाळी आठ वाजता मांडवात पाहिजे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. अत्तर लावायचं, गुलाबपानी शिंपडायचं, अक्षता वाटायच्या. काम हाय, नुसतं जेवायचं नाही."

नेहाचा चेहरा असा फुलला की इंदुबाईनं पदर तोंडाशी धरला. चरख्यावरून एक कांडी घरंगळत उमेशच्या पायाशी आली, आणि ती उचलायच्या निमित्तानं तो बराच वेळ वाकून राहिला.

अक्कानं गठ्ठ्यातली एक पट्टी नेहाच्या हातात दिली. "हे घे. तुमच्या नावाखाली चिकटव. सरळ लाव, वाकडं नको."

नेहानं पत्रिका देवळीतून काढली, जमिनीवर पसरली, जीभ दातांत धरून पट्टी लावली आणि हातानं दाबली. मग नवीन नावांवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचू लागली. "पा-र्थ. स्व-रा. ओ-वी. आ-र-व." तिनं मान वर केली.

"आजी, ये कौन हैं?"

"तेबी आपलेच हाय," मालूअक्का म्हणाली. "त्याईलेबी घेजा संगं."